कार्यालयात राहून गेलेलं

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आमचं मंगल कार्यालय आहे. मामंजींनी बांधलं, आता मी बघते. लग्नं, मुंजी, साखरपुडे, साठीशांत, अलीकडे डोहाळजेवणं आणि पहिले वाढदिवसही. माणसं सकाळी गाड्या भरून येतात, रात्री घाईघाईने निघतात आणि निघताना काही ना काही मागे ठेवून जातात. थर्मास, चष्मे, बाळाची कुंची, फोनचे चार्जर, जरीच्या टोप्या, कुणाच्या गोळ्यांचा डबा, कुणाचं गंठण. दातांची कवळीसुद्धा राहते. ती न्यायला मात्र लाजेने कोणी येत नाही.

बाहेरच्याला वाटतं, कार्यालय चालवायचं म्हणजे तारखा आणि जेवणावळी सांभाळायच्या. तारखांची वही कोणीही सांभाळेल. खरं डोकं लागतं ते या राहून गेलेल्या वस्तूंना. कोणाला द्यायच्या, किती दिवस ठेवायच्या, न्यायला दोघे आले तर काय, कोणीच आलं नाही तर काय? यातलं काही मी आमच्या वकीलसाहेबांकडून शिकले, काही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून, आणि बरंचसं ज्यांच्या वस्तू गेल्या त्यांच्याकडून.

१. सापडली म्हणून आपली होत नाही

‘ज्याला सापडली त्याची’ हा गोट्या खेळणाऱ्या पोरांचा कायदा. मोठ्यांचा कायदा वेगळा आहे आणि तो दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याचं कलम ७१ म्हणतं की, दुसऱ्याची वस्तू ज्याला सापडली आणि ज्याने ती ताब्यात घेतली, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखीच. म्हणजे कोणी विश्वासाने हातात ठेवून गेलं असतं तर जशी जपली असती, तशी जपायची. किती जपायची तेही कलम १५१ मध्ये आहे: साधारण शहाणा माणूस आपली स्वतःची, तेवढ्याच मोलाची वस्तू जेवढी जपेल तेवढी.

यात ‘ताब्यात घेतली’ हे महत्त्वाचं. रस्त्यात पडलेलं पाकीट बघून तुम्ही पुढे गेलात तर हे कलम तुमच्या वाटेला जात नाही. उचललंत की काम गळ्यात पडलं. म्हणून आमच्याकडे नवा पोरगा कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी सांगते, सापडलेली वस्तू उचललीस की थेट ऑफिसच्या कपाटापर्यंत आणायची. मध्ये खिशात घालायची नाही, ‘जेवून झाल्यावर देतो’ म्हणायचं नाही.

आणि ती भिंतीवरची पाटी. ‘आपल्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आपल्यावर आहे, कार्यालय जबाबदार नाही.’ आमच्याकडेही आहे, मामंजींच्या काळातली. पाहुण्याच्या गळ्यातल्या, पिशवीतल्या वस्तूंपुरती ती ठीक. त्याची वस्तू एकदा माझ्या कपाटात आली की ती पाटी मला वाचवेल अशा भ्रमात मी नाही.

२. पडलेलं, विसरलेलं आणि टाकलेलं

वरातीत नाचताना कुडीची फिरकी सैल झाली आणि कुडी गळाली, तर ती हरवली. कुठे पडली हे मालकिणीला ठाऊकच नसतं. वधूच्या खोलीत तोंड धुताना अंगठी काढून आरशाखालच्या फळीवर ठेवली आणि तशीच राहिली, तर ती विसरली. इथे वस्तू आपल्या हाताने, कळून-सवरून ठेवलेली असते. आठवलं की माणूस नेमका त्या फळीपाशी परत येणार. आणि रुखवतातल्या थर्माकोलच्या बैलगाडीसाठी कोणीच परत येत नाही. ती टाकलेली.

आपल्या कलम ७१ ने पहिल्या दोन्हींत भेद केलेला नाही. अमेरिकेतल्या न्यायालयांनी केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८६६ साली एक खटला झाला. न्हाव्याच्या दुकानात टेबलावर एका गिऱ्हाइकाला पैशाचं पाकीट दिसलं, त्याने ते दुकानदाराकडे दिलं, मालक काही आला नाही, मग गिऱ्हाईक म्हणालं, मला द्या. न्यायालयाने सांगितलं, पाकीट पडलेलं नव्हतं, कोणीतरी ठेवलेलं होतं. तेव्हा ते सांभाळायचं दुकानदाराने. मला हे पटतं. विसरलेला माणूस दुकान शोधत येईल, त्या गिऱ्हाइकाचं घर शोधत कसा येईल? म्हणून फळीवरची वस्तू उचलली की आम्ही तिथेच चिठ्ठी लावतो: ‘इथली वस्तू ऑफिसात आहे.’ साधी गोष्ट आहे, पण निम्मी शोधाशोध तिथेच संपते.

टाकलेलं ओळखणं सगळ्यात कठीण, कारण तिथे मालकाच्या मनात काय होतं ते बघायचं असतं. त्याने हक्क सोडला असेल तरच वस्तू उचलणाऱ्याची. नुसती तो घेऊन गेला नाही, म्हणून ती टाकलेली ठरत नाही. आता चपलांचंच बघा. लग्न उरकलं की दाराशी हमखास एक जोड उरतो आणि एक गृहस्थ अनवाणी उभे राहतात. ‘हा उरलाय तो घालून जातो,’ म्हणतात. पण त्या जोडाच्या मालकाने तो टाकलेला नाही. तो दुसऱ्याचा जोड घालून गेला आहे आणि घरी पोचल्यावर त्याच्या बायकोच्या लक्षात येणार आहे. तेव्हा उरलेला जोड आम्ही ठेवून घेतो आणि अनवाणी पाहुण्यांना रबरी स्लिपर देतो. उत्तर कायद्याला धरून आहे. समाधान कोणाचंच होत नाही.

३. सोन्याला सोनं लिहू नये

हे मी पोलिसांच्या पंचनाम्यातून उचललं. पंचनाम्यात ‘सोन्याची अंगठी’ असं लिहीत नाहीत. ‘पिवळ्या धातूची अंगठी, पांढऱ्या रंगाचा खडा’ असं लिहितात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. मग एका लग्नात एक ग्रॅमच्या मुलाम्याचा हार सापडला, आणि तो नेताना मालकीणबाई म्हणाल्या, ‘माझा तर अस्सल होता.’ आमच्या वहीत ‘पिवळ्या धातूचा हार, अमुक वजनाचा’ अशी नोंद होती, ज्यांना सापडला त्यांची सही होती, वेळ होती, मोबाईलवर काढलेला फोटो होता. विषय तिथेच मिटला. सोनं आहे की नाही हे ठरवणं सराफाचं काम. आपण दिसतं तेवढं लिहावं.

वहीत आणखी एक रकाना मी आग्रहाने ठेवते: कुठे सापडली. ‘हॉलमध्ये’ हे उत्तर नव्हे. ‘वधूची खोली, खिडकीकडची गादी, उशाखाली’ हे उत्तर. पुढे कोणाची ते ठरवायला सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होतो.

४. माइकवरून अर्धंच सांगावं

‘लाल पर्स सापडली आहे, आत हिरव्या काठाचा रुमाल आणि दोन हजार रुपये आहेत, ज्यांची असेल त्यांनी...’ अशी घोषणा केलीत की तिचे तीन मालक उभे राहतात. सगळे लबाड असतात असं नाही. लग्नाच्या गर्दीत लाल पर्स खरोखर तिघींकडे असते. आम्ही एवढंच सांगतो, ‘एक पर्स ऑफिसात जमा आहे, ओळख पटवून न्यावी.’ रंग समोरच्याने सांगायचा, आतलं समोरच्याने सांगायचं.

५. दागिना जिचा तिच्याच हातात

हे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो.

एका लग्नानंतर वधूच्या खोलीत गादीखाली गंठण सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे काका गाडी घेऊन हजर. ‘आमच्याकडून घातलंय, पावती दाखवतो.’ ते चहा घेत होते तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन: ‘ताई, ते माझ्याकडेच द्या, मी लेकीला पोचवते.’ दोघांनी वर्णन बरोबर सांगितलं. दोघांचीही दागिन्याशी ओळख खरी होती. मी दोघांनाही दिलं नाही.

वकीलसाहेबांनी मागे एकदा सांगितलं होतं ते लक्षात होतं. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्त्रीधन हे तिचं एकटीचं असतं. नवऱ्याकडे किंवा सासरच्यांकडे ते ठेवायला दिलं तर ते फक्त सांभाळणारे. लग्न झालं म्हणून ते भागीदार होत नाहीत. मग पावती काकांच्या नावाची असो की आईच्या, मुलीला लग्नात घातलेलं गंठण मुलीचं. मी काकांना म्हटलं, ‘दादा, सूनबाईंना घेऊन या, नाहीतर त्यांच्या सहीचं पत्र आणा.’ त्यांना राग आला. गावात कार्यालयं काय कमी आहेत, असंही बोलून गेले. दोन दिवसांनी ती मुलगी आली, हळदीचे हात अजून पिवळे, गंठण बघून वहीत सही केली आणि पर्समध्ये ठेवलं. काका बाहेर गाडीत बसून होते. घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात दिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. बिघडलं नसतंही कदाचित. पण वस्तू कोणाची ते ठाऊक असताना दुसऱ्याच्या हातात द्यायची, हा अधिकार मला कोणी दिला?

यातली एक गुंतागुंत लक्षात ठेवण्यासारखी आहे. लग्नात अंगावर असलेला प्रत्येक दागिना त्या बाईचा असतो असं नाही. चुलतीचा राणीहार, जावेचे तोडे, एक दिवसापुरते मागून आणलेले असतात. म्हणून मी ‘तुम्ही घातला होता का?’ असं विचारत नाही, ‘कोणाचा आहे?’ असं विचारते. आणि दोघी हट्टाला पेटल्याच तर करार कायद्याच्या कलम १६७ मध्ये वाट आहे: हक्क सांगणाऱ्याने न्यायालयात जावं, वस्तू देणं थांबवून घ्यावं आणि मालकी ठरवून घ्यावी. आमच्याकडे ती पाळी अजून आलेली नाही. ‘मग कोर्टातून आदेश आणा’ एवढं म्हटलं की घरातलं कोणीतरी वडीलधारं मध्ये पडतं.

आहेराच्या पाकिटाचंही असंच. पाकीट स्टेजजवळ जमिनीवर सापडलं, वर देणाऱ्याचं नाव. ते कोणाचं? देणाऱ्याच्या हातून नवरानवरीच्या हातात गेलं असेल तर भेट पूर्ण झाली, पैसे त्यांचे. द्यायच्या आधीच खिशातून पडलं असेल तर अजून देणाऱ्याचेच. आम्ही देणाऱ्याला फोन करतो आणि विचारतो, ‘आपण आहेर दिला होता का?’ बहुतेक जण ‘हो, दिला की’ म्हणतात, मग पाकीट यजमानांकडे जातं. एखादा प्रामाणिक गप्प राहून म्हणतो, ‘अहो, मला वाटलं दिला.’

६. मावशींना सापडलेलं कोणाचं?

लग्न लागलं की हॉलभर अक्षता. आमच्या साफसफाईच्या मावशी त्या झाडून गोळा करतात आणि मागच्या ओट्यावर चाळणीने चाळतात. चाळणीत फुलांच्या पाकळ्यांबरोबर फिरक्या निघतात, नाणी निघतात, मोती निघतात, एखादं जोडवं निघतं. एकदा खड्याची अंगठी निघाली. घोषणा केली, दोन्ही यजमानांना फोन केले, ‘आमची नाही’ म्हणाले. दिवस गेले. मग मावशींचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, माझ्याकडे आला आणि सरळ म्हणाला, ‘काकी, आईला सापडली, मालक मिळत नाही. मग ती आईची का नाही? तुमची का?’

प्रश्न चोख होता. मी वकीलसाहेबांना विचारलं आणि त्यांनी संध्याकाळभर इंग्लंडमधले जुने खटले सांगितले. तिथल्या न्यायाधीशांनी याच प्रश्नावर शतकानुशतकं डोकं लढवलं आहे. १८५१ साली एका फिरत्या विक्रेत्याला दुकानात जमिनीवर नोटांचं पुडकं सापडलं. मालक न आल्यावर न्यायालयाने ते दुकानदाराला नव्हे, विक्रेत्याला दिलं. दुकानदाराला तर ते तिथे पडलंय हेही ठाऊक नव्हतं. १८९६ साली एका पाणीपुरवठा कंपनीच्या मालकीच्या तळ्यातला गाळ काढताना कामावरच्या माणसाला दोन सोन्याच्या अंगठ्या सापडल्या. त्या मात्र कंपनीला मिळाल्या, कारण जागा तिची, ताबा तिचा आणि तो तिच्या कामावर होता. १९८२ सालचा खटला सगळ्यात प्रसिद्ध: हीथ्रो विमानतळाच्या लाउंजमध्ये पार्कर नावाच्या प्रवाशाला सोन्याचं ब्रेसलेट सापडलं, त्याने प्रामाणिकपणे विमान कंपनीच्या माणसांकडे दिलं आणि मालक आला नाही तर मला परत करा असं सांगून ठेवलं. कंपनीने ते ८५० पौंडांना विकून पैसे ठेवून घेतले. अपील न्यायालयाने पैसे पार्करला द्यायला लावले. जागेवर येणारं-जाणारं सगळं आपल्या ताब्यात आहे असं कंपनीने कधी दाखवलंच नव्हतं, हे कारण.

आपल्याकडे हे निकाल बंधनकारक नाहीत. पण त्यांतून निघणारा क्रम मला नीट कळला. खरा मालक सगळ्यांच्या आधी. त्याच्यानंतर जागेचा ताबा असलेला आणि सापडणारा यांच्यात वाद, आणि सापडणारा त्या जागेवर पगारी कामाला असेल तर पारडं जागेवाल्याकडे झुकतं. म्हणजे या हिशेबाने अंगठी आमच्या ताब्यात राहावी. मुलाला मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘म्हणजे पाहुणा असता तर त्याची, आई नोकर म्हणून तिची नाही,’ तो म्हणाला. नेमकं बोलला. मला या नियमाचा तोच भाग खटकतो. चाळण घेऊन उन्हात बसणारी ती. मी त्या वेळी ऑफिसात पंख्याखाली. म्हणून आमच्याकडे दोन गोष्टी ठरल्या. वहीत सापडणाऱ्याचं नाव मावशींचं लिहायचं, कार्यालयाचं नाही. आणि मालक काही बक्षीस देऊन गेला तर ते सगळं तिचं.

७. विकली की गुन्हा सुरू होतो

सापडलेली वस्तू उचलणं हा गुन्हा नाही. मालकाला द्यायच्या हेतूने जवळ ठेवणं हाही नाही. पण मालक कोण ते कळलेलं असताना, किंवा कळून घेण्याची सोय असताना, ती वापरायला काढली की अप्रामाणिकपणे केलेला अपहार होतो. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ४०३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, शिवाय दंड. पूर्वी नुसत्या दंडावर सुटता येत असे, आता तसं नाही.

कलमाखालची उदाहरणं कोणीही वाचावीत इतकी सोपी आहेत. हमरस्त्यावर कोणाचा ते ठाऊक नसलेला रुपया सापडला आणि उचलला, गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली, कोणाची ते ठाऊक नाही, आणि शोध न घेता लगेच विकली, गुन्हा. शोधायचं, कळवायचं, वाजवी काळ थांबायचं, हे टप्पे आहेत. आणि असा अपहार केलेली वस्तू पुढे कायद्याच्या लेखी ‘चोरीचा माल’च ठरते. ती जाणूनबुजून घेणारा सराफही त्यात अडकतो. न जाणता घेतली तरी तिची मालकी त्याला मिळत नाही, कारण विकणाऱ्याकडेच ती नव्हती.

सराफावरून आठवलं. लंडनमध्ये १७२२ साली धुरांडी साफ करणाऱ्या पोराला एक दागिना सापडला. किंमत विचारायला तो सोनाराकडे गेला. सोनाराच्या माणसाने वजन करायच्या निमित्ताने खडे काढून घेतले आणि खोबण तेवढी परत दिली. पोराने दावा लावला आणि जिंकला. तो मालक नव्हता, पण खऱ्या मालकाखेरीज बाकी सगळ्यांपेक्षा त्याचा हक्क वरचा, असं न्यायालयाने धरलं. आणि सोनार खडा दाखवत नसेल तर तो उत्तमातला उत्तम होता असं समजून भरपाई धरा, असं पंचांना सांगितलं. तीनशे वर्षं झाली, कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून हा खटला शिकवतात. धुरांड्यातल्या पोराच्या बाजूने एवढं ठाम कोणी उभं राहिलं, याचं मला फार बरं वाटतं.

८. पोलिसांत द्यायचं तर पोच घ्या

मोलाची वस्तू, मालक मिळत नाही, तर पोलीस ठाणं. तिथे अनेकदा ऐकायला मिळतं, ‘राहू द्या तुमच्याकडेच, कोणी आलं तर द्या.’ त्यांचंही खरं असतं, मुद्देमालाची खोली आधीच भरलेली. मी वाद घालत नाही. दोन प्रतींत अर्ज नेते, वस्तूचं वर्णन, सापडल्याची जागा आणि वेळ, सध्या कोणाच्या ताब्यात, आणि एका प्रतीवर शिक्का-सही घेते. वस्तू कपाटात राहिली तरी आपण ती दडवलेली नाही, याचा तो कागद. पोलिसांनी जप्त करून दंडाधिकाऱ्यांकडे कळवलीच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ५०३ आणि ५०४ लागतात: मालक अज्ञात असेल तर जाहीर उद्घोषणा, दावा करायला सहा महिने, कोणी आलं नाही आणि ज्याच्याकडे सापडली त्यालाही ती रीतसर आपली दाखवता आली नाही तर ती राज्य सरकारकडे.

९. लाडू

पन्नास लाडवांचा डबा राहिला तर? लवकर खराब होणारी किंवा बहुतेक किंमत गमावणारी वस्तू, मालक शोधूनही सापडत नसेल तर सापडणाऱ्याला विकता येते, असं करार कायद्याचं कलम १६९ सांगतं. खाता येते असं सांगत नाही. आम्ही फोन करतो, पलीकडून ‘अहो, वाटून टाका’ असं उत्तर येतं आणि प्रश्न सुटतो.

१०. पासपोर्ट आणि फोन

परदेशातून लग्नाला आलेल्यांचे पासपोर्ट राहतात. पासपोर्ट ज्याच्या नावाचा, त्याच्या मालकीचा नसतो. भारतीय पासपोर्ट तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कायम केंद्र सरकारची मालमत्ता. म्हणून तो आम्ही कुणा नातेवाइकाच्या हाती देत नाही, स्वतः यायला सांगतो. फोन सापडला तर बंद करू नये, सिम काढू नये, चार्जिंगला लावून ठेवावा. मालकाचा फोन त्याच्यावरच येतो. आणि मालकाने इकडे संचार साथी पोर्टलवरून तो बंद करवून ठेवला असेल, तर मिळाल्यावर चालू करवून घ्यायलाही त्यालाच धावावं लागतं. तेव्हा आधी आम्हाला विचारा, मग तक्रार करा.

११. बक्षिसाच्या बाबतीत आपला कायदा कद्रू आहे

सांभाळलं, शोधलं, फोनचे पैसे घातले, कुरिअर केलं. हे पैसे मागायला न्यायालयात जाता येतं का? करार कायद्याचं कलम १६८: नाही. पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, पण दावा लावता येत नाही. दावा लावता येतो तो एकाच परिस्थितीत, मालकाने आधी बक्षीस जाहीर केलं असेल तर. अडवून ठेवण्याची ही मुभा मी कधी वापरलेली नाही. नवरीचं गंठण दोनशे रुपयांसाठी अडवलं, ही बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही.

जपानमध्ये वेगळं आहे. तिथे हरवलेल्या वस्तूंचा स्वतंत्र कायदा आहे. मालकाने सापडणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के द्यायचे, आणि दुकान-इमारतीसारख्या जागी सापडली तर ती रक्कम सापडणारा आणि जागेवाला यांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तू सापडणाऱ्याच्या. फोन, कार्डं, कागदपत्रं सोडून. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. १९८० साली टोकियोच्या गिंझा भागात एका ट्रकचालकाला रस्त्याकडेला दहा कोटी येन सापडले. त्याने ते पोलिसांना दिले, मालक आला नाही, मुदत संपल्यावर सगळे पैसे त्याला मिळाले.

आपल्याकडे मोठ्या रकमांचं सोडा. पाच-दहा हजारांपर्यंतच्या वस्तूंसाठी तरी असा नियम व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रामाणिक माणसाने शोधाशोध करायची, सांभाळायची, अर्ज द्यायचा, आणि शेवटी वस्तू सरकारजमा. हे बघून मावशींचा मुलगा उद्या काय करेल, हा विचार कायदा करणाऱ्यांनी करावा. त्या खड्याच्या अंगठीचा अर्ज दिलेला आहे, पोच वहीत चिकटवलेली आहे, अंगठी अजून कपाटातच आहे.

१२. जमिनीतून निघालं तर

तेव्हा वरचं सगळं विसरा. पाया खणताना, टाकीसाठी खड्डा घेताना दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं निघालं तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, न कळवणं गुन्हा. चौकशीअंती ते बेवारस ठरलं आणि जागेचा मालकही हक्क सांगत असेल, तर साधारणपणे सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. गंमत म्हणजे इथे सापडणाऱ्याला एवढा मोठा वाटा द्यायचं त्या काळच्या सरकारला सुचलं. हॉलमध्ये सापडलेल्या अंगठीच्या बाबतीत मात्र नाही.

आता तुम्हाला एक सांगणं. कार्यालयातून निघण्यापूर्वी घरातल्या एका शांत माणसाला वेगळं काढा आणि त्याला चार जागा बघायला सांगा: न्हाणीघरातला हूक, आरशाखालची फळी, गाद्यांच्या खाली आणि खिडकीचा कट्टा. सामानाच्या प्रत्येक पिशवीत फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका. काही राहिलं असं वाटलं तर त्याच रात्री फोन करा, लाजू नका, कवळी असली तरी. आणि वस्तू मिळाली की ऑफिसात आभार मानून निघून जाऊ नका. ती ज्यांना सापडली त्या मावशी कुठे आहेत ते विचारा आणि त्यांच्या हातात काहीतरी ठेवा.